स्वामी रामानंद तीर्थ : कामगार चळवळीतून उदगीरच्या हातमागापर्यंत

नांदेडच्या विद्यापीठाला ज्यांचं नाव आहे ते स्वामी रामानंद तीर्थ बहुतेकांना एकाच कारणासाठी ठाऊक असतात. निजामाच्या राजवटीविरुद्धचा हैदराबाद मुक्तिसंग्राम त्यांच्या नेतृत्वाखाली लढला गेला. सप्टेंबर उजाडला की मराठवाड्यात त्यांच्या तसबिरीला हार चढतो, भाषणं होतात आणि १७ तारीख सरली की विषय मिटतो.

पण या संन्याशाच्या आयुष्याला आणखी एक धागा आहे. कारखान्यातून माल किती निघतो आणि त्यातून किती हातांना काम मिळतं, हा तो धागा. आज दरवर्षी औद्योगिक उत्पादनाचे आकडे जाहीर होतात आणि उत्पादन वाढलं, मग नोकऱ्या का वाढल्या नाहीत, असा प्रश्न विचारला जातो. स्वामीजींचं सार्वजनिक आयुष्य या प्रश्नाच्या शेजारूनच सुरू झालं आणि शेवटच्या वर्षांतही ते त्याच्यापासून लांब गेलं नव्हतं.

व्यंकटेश खेडगीकर आणि गिरण्यांचा काळ

स्वामीजींचं मूळ नाव व्यंकटेश भगवानराव खेडगीकर. जन्म ३ ऑक्टोबर १९०३ चा, विजापूर जिल्ह्यातल्या सिंदगीचा. शालेय शिक्षण सोलापुरात झालं. तेव्हाचं सोलापूर म्हणजे कापड गिरण्यांचं शहर. १९२० मध्ये लोकमान्य टिळक गेले, तेव्हा या मुलाने आजन्म ब्रह्मचारी राहून देशाचं काम करायचं ठरवलं. असहकाराच्या चळवळीत सरकारी शाळा सुटली. पुढचं शिक्षण अमळनेरच्या राष्ट्रीय शाळेत आणि पुण्याच्या टिळक महाराष्ट्र विद्यापीठात झालं.

शिक्षण संपल्यावर ते गेले नारायण मल्हार जोशी यांच्याकडे. ना. म. जोशी म्हणजे भारतातल्या कामगार चळवळीचे एक आद्य नेते. भारत सेवक समाजाचे सदस्य, १९२० साली स्थापन झालेल्या आयटकच्या उभारणीतलं प्रमुख नाव आणि मध्यवर्ती कायदेमंडळात कामगारांचे प्रतिनिधी. खेडगीकर त्यांचे चिटणीस झाले. मुंबई आणि दिल्लीतला हा काळ त्यांच्यासाठी दुसरं विद्यापीठ ठरला.

त्या वेळी भारतात कामगारांविषयीची आकडेवारी नुकतीच कुठे पद्धतशीरपणे गोळा होऊ लागली होती. मुंबई सरकारने १९२१ मध्ये कामगार कचेरी सुरू केली आणि मजुरी, घरखर्च, संप यांची माहिती देणारं मासिक काढलं. १९२६ मध्ये कामगार संघटनांना कायदेशीर मान्यता देणारा कायदा आला. जोशींची पद्धत आरडाओरड्याची नव्हती. मजुरी किती, कामाचे तास किती, भाड्यात किती जातात, हे मांडून ते सरकारला जाब विचारत. आकडा हासुद्धा गरिबाच्या हातातलं हत्यार होऊ शकतो, हे त्यांच्याजवळ राहणाऱ्याला रोज दिसत होतं.

पुढे गंभीर आजारपण आलं आणि खेडगीकरांना ते काम सोडावं लागलं. १९२९ मध्ये ते उस्मानाबाद जिल्ह्यातल्या हिप्परगा गावी राष्ट्रीय शाळेत शिकवायला आले. १९३० मध्ये त्यांनी संन्यास घेतला आणि व्यंकटेशचे स्वामी रामानंद तीर्थ झाले. भगवी वस्त्रं आली, पण मठ काही आला नाही. १९३५ मध्ये ते अंबाजोगाईला, तेव्हाच्या मोमिनाबादला, गेले आणि योगेश्वरी शाळेच्या कामाला लागले.

निजामाच्या राज्यातला मराठवाडा

ज्या मराठवाड्यात ते आले, तिथे कच्चा माल भरपूर होता, कारखाने मात्र बोटांवर मोजण्याइतके.

नांदेडच्या परिसरात उत्तम कापूस पिकायचा. १९०० मध्ये मनमाड ते सिकंदराबाद रेल्वे सुरू झाली आणि नांदेड त्या मार्गावर आलं. १९११ मध्ये बार्शी लाइट रेल्वेचे छोटे डबे लातूरपर्यंत पोचले आणि लातूरची अडत बाजारपेठ फुगली. म्हणजे माल बाहेर न्यायची सोय झाली. तो इथेच पक्का करायची सोय त्या मानाने फार थोडी झाली. नांदेडची उस्मानशाही कापड गिरणी हा ठळक अपवाद. कित्येक वर्षं नांदेडची ओळख या गिरणीच्या भोंग्याशी बांधलेली होती.

एक गिरणी आणि आजूबाजूला शेकडो गावं. गिरणीत काम मिळालं तर महिन्याचा पगार, नाही मिळालं तर सालगडी किंवा पावसावरची शेती. या दोन्हींच्या मधला रोजगार फारसा नव्हता.

यावर बोलायचीही सोय नव्हती. १९२९ च्या गश्ती नंबर ५३ या फर्मानाने सभा घेण्यावर निर्बंध आणले होते. शाळेचं माध्यम उर्दू. मुंबईत कामगार संप करत होते, त्यांची बाजू कायदेमंडळात मांडली जात होती. हैदराबाद संस्थानात मात्र साध्या सभेलाही परवानगी लागायची. जोशींच्या हाताखाली शिकलेल्या माणसाला इथे कामाच्या प्रश्नाआधी बोलण्याचाच प्रश्न सोडवावा लागणार होता.

म्हणून स्वामीजी राजकारणात उतरले. आधी महाराष्ट्र परिषद, मग हैदराबाद स्टेट काँग्रेस. स्टेट काँग्रेस नीट उभी राहण्याआधीच तिच्यावर बंदी आली. ऑक्टोबर १९३८ मध्ये सत्याग्रह झाला आणि स्वामीजी तुरुंगात गेले. १९४० च्या वैयक्तिक सत्याग्रहात पुन्हा तुरुंग. १९४६ मध्ये बंदी उठली. १९४७ मध्ये देश स्वतंत्र झाला, पण निजामाने विलीनीकरण नाकारलं आणि १५ ऑगस्टला स्वामीजींना पुन्हा अटक झाली. लातुरात वकिली केलेला कासिम रझवी रझाकारांचा म्होरक्या झाला होता. गावंच्या गावं सीमेपलीकडच्या कँपांत गेली. सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईनंतर हे पर्व संपलं.

स्वातंत्र्यानंतरचं काम

इथपर्यंतची कथा शाळेच्या पुस्तकात असते. पुढची फारशी सांगितली जात नाही.

मुक्तिसंग्रामाचा नेता म्हणून स्वामीजींना सत्तेचं पद अशक्य नव्हतं. ते लोकसभेत गेले, १९५२ मध्ये गुलबर्ग्यातून आणि १९५७ मध्ये औरंगाबादमधून. मंत्रिपद मात्र त्यांनी कधी घेतलं नाही. १९५० मध्ये नांदेड एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि तिचं पीपल्स कॉलेज सुरू झालं. त्यामागे स्वामीजींचाच पुढाकार होता. नांदेड, लातूरकडच्या पोरांना पदवीसाठी हैदराबाद गाठावं लागू नये, हा त्याचा अगदी सरळ उपयोग होता.

दुसरं काम खादीचं. ते समजून घ्यायचं तर त्या वेळी दिल्लीत चाललेला वाद समजून घ्यावा लागतो.

माल की रोजगार?

१९५६ मध्ये दुसरी पंचवार्षिक योजना सुरू झाली. संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या आराखड्यात मोठा पैसा पोलाद आणि यंत्रं बनवणाऱ्या कारखान्यांसाठी होता. पण अशा कारखान्यांत भांडवल जास्त आणि माणसं कमी लागतात. मग करोडो लोकांना काम कुठून द्यायचं? कापड, तेल, चपला अशा रोजच्या वस्तू छोट्या आणि घरगुती उद्योगांनी बनवाव्यात, म्हणजे भांडवल कमी लागेल आणि हात जास्त लागतील, हे त्यावरचं उत्तर होतं. १९५५ मध्ये द. गो. कर्वे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने हीच दिशा दाखवली. एकाऐवजी चार चात्या फिरवणारा अंबर चरखा त्यासाठी पुढे आणला गेला. १९५७ मध्ये खादी आणि ग्रामोद्योग आयोग स्थापन झाला.

यातला हिशेब साधा आहे. गिरणीतला एक कामगार शेकडो चात्यांवर लक्ष ठेवतो. तेवढंच सूत चरख्यावर काढायचं तर कितीतरी माणसं लागतात. म्हणजे त्याच सुताला चरखा अधिक हात लावतो. पण प्रत्येक हाताच्या वाट्याला येणारी मजुरीही त्याच प्रमाणात कमी होते. गिरणी मोजक्यांना बरा पगार देते, चरखा पुष्कळांना थोडी मजुरी देतो. या पेचावर सोपं उत्तर तेव्हाही नव्हतं, आजही नाही.

स्वामीजींनी गिरणी कामगारांच्या बाजूने सुरुवात केली होती आणि आता ते चरख्याच्या बाजूला उभे होते. वरवर हा उलटा प्रवास वाटतो. मराठवाड्याकडे पाहिलं की तो तितका उलटा वाटत नाही. मुंबईत गिरण्या होत्या, त्यामुळे तिथला प्रश्न पगाराचा होता. इथल्या बहुतेक गावांत गिरणीच नव्हती, त्यामुळे इथला प्रश्न काम मिळण्याचा होता.

१९५६ मध्ये हैदराबाद राज्याची भाषावार विभागणी झाली. स्वामीजी या विभागणीचे समर्थक होते. राज्य विभागलं गेलं तसं पुढे खादीचं कामही विभागलं गेलं आणि नांदेडला मराठवाडा खादी ग्रामोद्योग समिती उभी राहिली. तिच्या उभारणीत स्वामीजींबरोबर गोविंदभाई श्रॉफ होते. मुक्तिसंग्रामाच्या काळात या दोघांचे राजकीय विचार अनेकदा वेगळ्या दिशांना गेले होते. मराठवाड्याच्या पोटापाण्याच्या प्रश्नावर ते एकत्र आले.

उदगीरचं कापड, नांदेडचा तिरंगा

याच समितीकडे राष्ट्रध्वज बनवण्याचं काम आहे आणि असा मान देशात मोजक्याच संस्थांना आहे. लातूर जिल्ह्यातल्या उदगीरला हातमागावर ध्वजाचं कापड विणलं जातं, प्रक्रियेसाठी ते अहमदाबादला जातं आणि नांदेडला येऊन त्याचे ठरलेल्या मापांचे ध्वज शिवले जातात. रंग, वीण, शिवण या सगळ्याला भारतीय मानक ब्युरोचे नियम लागू आहेत.

निजामाच्या राज्यात ज्या तिरंग्यासाठी लोक तुरुंगात गेले, तो तिरंगा आज त्याच भागातल्या विणकर आणि शिलाई कामगारांची रोजी आहे.

आता आकडेवारीकडे पाहू. भारतात १९५९ पासून उद्योगांची वार्षिक पाहणी होते. तिच्यात मुख्यतः कायद्याखाली नोंदलेले कारखाने येतात. घरात चरखा चालवणारी बाई यात कुठेच दिसत नाही. तिची गाठ पडते ती घरोघरी जाऊन केलेल्या नमुना पाहणीत किंवा जनगणनेत, तीही आपण कामगार आहोत असं तिने सांगितलं तर. त्यामुळे औद्योगिक उत्पादनाचा वार्षिक आलेख वर जात असताना अशा घरातलं काम कमी होत असेल, तर ते त्या आलेखात उमटत नाही.

डिसेंबर २०२१ मध्ये ध्वजसंहितेत बदल झाला. यंत्रावर बनवलेल्या आणि पॉलिस्टरच्या ध्वजांनाही परवानगी मिळाली. २०२२ च्या घरोघरी तिरंगा मोहिमेत एवढे ध्वज लागले की ते निव्वळ हातमागावर होण्यासारखे नव्हते, हेही खरं. पण जो माल कायद्याने फक्त खादीचा असायचा, त्याला आता स्वस्त यंत्रमालाशी स्पर्धा करावी लागते. १९५६ चा वाद इथे पुन्हा समोर येतो. ध्वज जास्त बनले, पण ध्वजामागे लागणारे हात कमी झाले.

पुढे काय झालं

२२ जानेवारी १९७२ रोजी हैदराबादला स्वामीजींचं निधन झालं. त्याच वर्षी महाराष्ट्रात मोठा दुष्काळ पडला आणि मराठवाड्यातले लाखो लोक खडी फोडायला सरकारी कामांवर गेले. काम मागणाऱ्याला काम द्यायची जबाबदारी सरकारची, हे तत्त्व सांगणारी महाराष्ट्राची रोजगार हमी योजना याच दुष्काळात रुजली.

१९८४ मध्ये अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर यांच्या समितीने राज्यातला प्रादेशिक असमतोल मोजला. सिंचन, रस्ते, वीज, शिक्षण अशा क्षेत्रांतला एकूण अनुशेष सुमारे ३,१८७ कोटी रुपये निघाला. त्यात मराठवाड्याचा वाटा सुमारे ७५१ कोटींचा, म्हणजे जवळपास चौथा हिस्सा होता. राज्याच्या लोकसंख्येत मराठवाडा तेव्हा सहाव्या हिश्श्याच्याही थोडा आतच होता. ज्या भागात वीज, पाणी आणि रस्तेच मागे राहिले, तिथे कारखाने कमी का, हे वेगळं सांगायला नको.

नांदेडची उस्मानशाही गिरणी १९७४ च्या राष्ट्रीयीकरणात राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली आणि पुढे बंद पडली. लातूरला डाळ आणि तेलाचे उद्योग वाढले, साखर कारखाने आले, अलीकडे रेल्वे डब्यांचा कारखाना उभा राहिला. तरीही दिवाळीनंतर ऊसतोडीला आणि शिक्षण संपल्यावर पुण्याला जाणाऱ्यांच्या गाड्या भरलेल्याच असतात.

१९९४ मध्ये नांदेडला वेगळं विद्यापीठ झालं आणि त्याला स्वामीजींचं नाव दिलं गेलं. नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोली या चार जिल्ह्यांतले विद्यार्थी तिथून पदव्या घेतात. पदवी हातात पडल्यावर त्यांना पहिला प्रश्न पडतो तो आपल्याच जिल्ह्यात काम मिळेल का, हाच.