टी-टेस्टमधला ‘स्टुडंट’ नक्की कोण?

बीकॉम असो, बीबीए, सायकॉलॉजी किंवा ॲग्री, स्टुडंट्स टी-टेस्ट तुम्ही केलेली तरी असणार किंवा पुढच्या सेमला करणार तरी आहात. एक्सेलमध्ये दोन कॉलम टाकायचे, पी-व्हॅल्यू बघायची. ०.०५च्या खाली आली की खूश. नाही आली की ग्रुपवर गुगल फॉर्मची लिंक पुन्हा फिरवायची. नावामुळे अनेकांना वाटतं, की ही टेस्ट विद्यार्थ्यांसाठी आहे. तसं नाहीये. स्टुडंट हे एका माणसाचं टोपणनाव होतं आणि तो प्रोफेसर वगैरे नव्हता, बिअर बनवणाऱ्या कंपनीत नोकरीला होता.

विल्यम सीली गॉसेट हे त्याचं खरं नाव. जन्म १८७६चा, इंग्लंडमधल्या कँटरबरीचा. वडील सैन्यात, रॉयल इंजिनिअर्समध्ये कर्नल. मुलगाही तिकडेच गेला असता, पण त्याची नजर अधू निघाली. मग ऑक्सफर्डला जाऊन त्यानं गणित आणि केमिस्ट्री, दोन्हींत फर्स्ट क्लास काढला आणि १८९९ मध्ये तो डब्लिनच्या गिनेसमध्ये रुजू झाला. ही कंपनी तेव्हा जगातल्या सर्वांत मोठ्या ब्रुअरींमध्ये गणली जायची आणि ऑक्सफर्ड-केंब्रिजचे सायन्सवाले ग्रॅज्युएट मुद्दाम घेत होती.

कशासाठी? तर बिअरची चव बॅचगणिक बदलून चालत नाही, पण तिचा कच्चा माल शेतातून येतो. बार्ली, हॉप्स, यीस्ट, यातलं काहीच दोनदा सारखं येत नाही. म्हणून तपासण्या करायच्या. आणि प्रत्येक तपासणीला वेळ लागतो, माणूस लागतो, पैसा लागतो. हजार नमुने कोण तपासत बसणार? हातात असायचे चार, पाच, फार तर दहा आकडे. त्यावरून मोठी खरेदी करायची की नाही, हे ठरवायचं.

१९०४ मध्ये गॉसेटनं कंपनीसाठी एक अंतर्गत रिपोर्ट लिहिला. पुस्तकात शिकवतात तो ‘एरर’चा नियम ब्रुअरीच्या कामात कसा वापरायचा, हा त्याचा विषय. त्या सुमारास त्यानं माल्टवर काढलेलं एक उत्तर बघा. माल्टमधून किती अर्क निघतो, याच्या दोनच तपासण्या करून सरासरी काढली, तर ती खऱ्या आकड्याच्या अर्ध्या अंशाच्या आत साधारण पाचातून चार वेळा येते. चार तपासण्या केल्या तर तेरातून बारा वेळा. आता कितीवर थांबायचं? गॉसेटचं म्हणणं, हे गणित सांगू शकत नाही. चूक झाली तर किती रुपयांचा, म्हणजे त्याच्या बाबतीत पौंडांचा, फटका बसणार आणि आणखी एक तपासणी केली तर किती खर्च येणार, यावरून ते ठरवायचं. फायनान्सवाल्यांनो, हा तुमचाच हिशेब आहे.

पण एक अडचण सुटत नव्हती. सरासरीवर किती भरवसा ठेवायचा, हे आकड्यांच्या चढउतारावरून, म्हणजे व्हेरिअन्सवरून कळतं. नमुने भरपूर असतील तर व्हेरिअन्सचा अंदाज नीट येतो. चारच असतील तर तो अंदाजच डळमळीत असतो आणि बऱ्याचदा खऱ्यापेक्षा कमी येतो. मग आपल्याला उगाच वाटत राहतं, की आपलं उत्तर पक्कं आहे. त्या काळचा मोठा संख्याशास्त्रज्ञ कार्ल पिअर्सन लंडनमध्ये होता. १९०५ मध्ये गॉसेट त्याला भेटला आणि १९०६-०७ मध्ये कंपनीनं त्याला वर्षभरासाठी पिअर्सनच्या लॅबमध्ये पाठवलं. गंमत म्हणजे पिअर्सनला छोट्या नमुन्यांत फारसा रसच नव्हता. त्याच्याकडे आकडे शेकड्यांनी यायचे.

गॉसेटनं उत्तर स्वतःच शोधलं. गणित मांडलं आणि मग ते खरं निघतं का, हे चक्क हातानं तपासलं. ३००० गुन्हेगारांची उंची आणि डाव्या हाताच्या मधल्या बोटाची लांबी यांची तयार नोंद होती. ती त्यानं ३००० कार्डांवर उतरवली, पत्त्यांसारखी पिसली आणि चार-चारचे ७५० गट पाडले. आज लॅपटॉपवर आपण ज्याला सिम्युलेशन म्हणतो, ते हेच. त्यातून बनलेला तक्ता काय सांगतो? नमुने भरपूर असतील तर ९५ टक्के खात्रीसाठी सरासरीच्या दोन्ही बाजूंना १.९६ स्टँडर्ड एररची जागा सोडावी लागते. नमुने चारच असतील तर ३.१८ची. थोडक्या माहितीची किंमत पहिल्यांदाच अशी आकड्यात मांडली गेली.

हा पेपर १९०८ मध्ये पिअर्सनच्या ‘बायोमेट्रिका’त आला. लेखक: स्टुडंट. आपल्याकडे टोपणनावं कवींची असतात, इथे कारण कंपनीची पॉलिसी होती. आतलं काही बाहेर जाऊ नये म्हणून कर्मचाऱ्यांच्या लिखाणावर निर्बंध होते. गॉसेटला परवानगी मिळाली ती खरं नाव न छापण्याच्या अटीवर. पुढे तीस वर्षं तो जवळपास सगळं याच नावानं लिहीत राहिला.

त्या पेपरची सुरुवातीला फारशी दखल घेतली गेली नाही. घेतली ती रोनाल्ड फिशर नावाच्या एका तरुणानं, तेही विद्यार्थिदशेत. १९१२ मध्ये त्यानं गॉसेटला सिद्धता पाठवली. गॉसेटला ती नीट झेपली नाही, म्हणून त्यानं ती पिअर्सनकडे पाठवली. आज आपण वापरतो तो ‘टी’ फिशरच्या हातून घडलेला आहे. पुढे फिशर आणि पिअर्सन यांच्यातून विस्तव जात नसे. गॉसेटची मात्र दोघांशीही मैत्री टिकली. मला विचाराल तर टी-टेस्टपेक्षा हे अवघड काम.

त्याचा कस खरा लागला तो १९३०च्या दुधाच्या प्रयोगात. स्कॉटलंडमधल्या लॅनर्कशरच्या ६७ शाळांतली २०,००० मुलं. अर्ध्यांना चार महिने रोज दूध, अर्ध्यांना नाही. खर्च सुमारे ७५०० पौंड. निष्कर्ष आला, की दुधानं वाढ होते. एवढा मोठा नमुना, कोण शंका घेणार? स्टुडंटनं १९३१ मध्ये घेतली. गट समतोल वाटला नाही तर मुलं बदलायची मुभा शिक्षकांना होती. शिक्षकच ते, समोरच्या हडकुळ्या, गरीब पोराला त्यांनी दुधाच्या गटात घातलं असणार. परिणाम असा, की दूध न मिळालेली मुलं सुरुवातीलाच जास्त उंच आणि वजनदार होती. त्यात वजन कपड्यांसकट केलेलं, पहिलं फेब्रुवारीत आणि दुसरं जूनमध्ये. खात्यापित्या घरच्या मुलांचे जाड लोकरी कपडे उन्हाळ्यात उतरले, तेवढं त्यांचं वजन कमी भरलं. गरिबाच्या पोराकडे उतरवायला होतंच काय? स्टुडंटनं सुचवलं, की एकसारख्या जुळ्यांच्या ५० जोड्या घ्या, जोडीतल्या एकाला दूध द्या, एकाला नको. २०,००० मुलांपेक्षा हे जास्त विश्वासार्ह ठरेल आणि खर्च अगदीच थोडा.

ही जोडीची युक्ती तो शेतात आधीपासून वापरत होता. बार्लीचे दोन वाण शेजारी शेजारी पट्ट्यांत पेरायचे आणि लगतच्या पट्ट्यांतला फरक मोजायचा. माती दोघांना जवळपास सारखीच, म्हणून मातीमुळे येणारा चढउतार वजा होतो आणि उरतो तो वाणाचा फरक. फिशरचा आग्रह होता, की वाण कुठे पेरायचा हे चिठ्ठ्या टाकूनच ठरवा. यावरून दोन मित्रांचं शेवटी जाहीर वाजलं.

१९३५ मध्ये गॉसेट गिनेसची नवी ब्रुअरी सांभाळायला लंडनला आला. १९३७ मध्ये हेड ब्रुअर झाला आणि काही महिन्यांतच, १६ ऑक्टोबरला, हृदयविकाराच्या झटक्यानं गेला. वय ६१. फिशरला दिलेलं त्याचं उत्तर ‘बायोमेट्रिका’त छापून आलं १९३८ मध्ये, त्याच्या पश्चात. त्यावरही नाव होतं स्टुडंट.