सह्याद्रीतले बीजगणित, शाहजहानचा दरबार

बीबी का मकबरा पाहायला गेलेले प्रवासी संगमरवरी घुमटाकडे बघत आत जातात. प्रवेशद्वारावर कोरलेले अताउल्लाह हे नाव फार थोड्यांच्या नजरेस पडते. मकबऱ्याच्या या वास्तुकाराने बांधकामाखेरीज आणखी एक मोठे काम केले होते. त्याची सुरुवात मात्र त्याच्या पाचशे वर्षे आधी, सह्याद्रीच्या आश्रयाने वसलेल्या विज्जडविड या गावातून करावी लागते.

त्या गावचे भास्कराचार्य १११४ साली जन्मले. वडील महेश्वर हे ज्योतिषी आणि तेच मुलाचे गुरू. वयाच्या ३६व्या वर्षी, ११५० मध्ये, भास्कराचार्यांनी 'सिद्धांतशिरोमणी' पूर्ण केला. 'लीलावती' आणि 'बीजगणित' हे त्याचेच भाग.

'बीजगणिता'तले एक उदाहरण माकडांचे आहे. कळपाचा पाचवा भाग घ्या, त्यातून ३ वजा करा, उरेल त्याचा वर्ग करा. तेवढी माकडे गुहेत गेली आणि एक फांदीवर राहिले. तर कळप केवढा? आजची दहावीतली मुलगी कळपाला 'क्ष' म्हणेल, क्षचा वर्ग उणे ५५ क्ष अधिक २५० बरोबर शून्य असे मांडेल आणि अवयव पाडेल : (क्ष − ५०) आणि (क्ष − ५). गुणाकार शून्य यायचा तर दोहोंपैकी एक अवयव शून्य हवाच. म्हणजे उत्तरे दोन, ५० आणि ५. आचार्यांची रीत पूर्ण वर्ग करण्याची होती, पण उत्तरे हीच.

ते तिथे थांबले नाहीत. कळप ५ माकडांचा मानला तर पाचवा भाग एक. एकातून तीन वजा कसे करणार? समीकरणाला ५ चालतात, माकडांना चालत नाहीत. म्हणून त्यांनी ५० हेच उत्तर धरले. ऋण संख्येला वर्गमूळ नसते, हेही त्यांनी बजावले. हाती आलेले उत्तर व्यवहाराशी ताडून पाहायचे, ही त्यांची शिस्त होती.

६९व्या वर्षीही ते 'करणकुतूहल' लिहीत होते. त्यांच्यानंतर नातू चांगदेव याने चाळीसगावजवळच्या पाटण येथे आजोबांचे ग्रंथ शिकवणारा मठ काढला. निकुंभ राजांनी त्याला देणगी दिली. तसा शिलालेख तिथे आहे, डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात तो उजेडात आणला.

तरीही हे ज्ञान संस्कृत जाणणाऱ्यांपुरतेच राहिले असते. १५८७ मध्ये अकबराच्या सांगण्यावरून फैजीने 'लीलावती' फारसीत नेली. 'बीजगणित' मागे राहिले होते. ते १६३४-३५च्या सुमारास फारसीत आणून शाहजहानला अर्पण केले ते अताउल्लाहने. ताजमहालशी ज्यांचे नाव जोडले जाते त्या उस्ताद अहमद लाहोरींचा हा मुलगा. पुढे औरंगजेबाची बेगम दिलरस बानू हिच्या कबरीवर त्यानेच मकबरा उभारला.

अल्-ख्वारिज्मीने नवव्या शतकात हिंदी अंक अरबीत समजावून सांगितले होते. अताउल्लाहच्या हातून हिंदी बीजगणित फारसी वाचकांपर्यंत पोहोचले. भास्कराचार्यांची भूमी आणि त्यांच्या अनुवादकाने बांधलेली वास्तू, दोन्ही आज महाराष्ट्रातच आहेत. सहलीला निघालेल्या मुलांना पाटण आणि बीबी का मकबरा या दोन्ही जागा एकाच फेरीत दाखवता येतील.