जेंकिन्ससाहेबांचे दप्तर

चिटणवीस, फडणवीस, वऱ्हाडपांडे ही आडनावे नागपुरात कोणासही नवीन नाहीत. परंतु ती मुळात भोसल्यांच्या दरबारातील हुद्द्यांची नावे होत, हे ध्यानात ठेवणारे थोडे. चिटणवीस राज्याचा पत्रव्यवहार पाही, फडणवीस हिशेब राखी, महसुलाचा तपशील वऱ्हाडपांड्यांच्या हाती असे आणि शिक्का सिक्केनविसाच्या ताब्यात राही. हे हुद्दे बहुधा वंशपरंपरेने चालत. या सर्व कारभाराचे सविस्तर वर्णन ज्यांनी लिहून ठेवले, ते सर रिचर्ड जेंकिन्स मात्र परके होते. त्यांचे चरित्र सरकारी नोकरीचा विचार करणाऱ्या प्रत्येक नागरिकाने पाहण्याजोगे आहे.

जेंकिन्ससाहेबांचा जन्म इंग्लंडातील श्रॉपशायर परगण्यात १८ फेब्रुवारी १७८५ रोजी झाला. कंपनीच्या नोकरीत ते अगदी कोवळ्या वयात शिरले. कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात त्यांनी फारसी, अरबी व हिंदुस्थानी या भाषांचा कसून अभ्यास केला. काही काळ दौलतराव शिंद्यांच्या छावणीत काढल्यावर १८०७ साली एल्फिन्स्टनसाहेबांच्या मागून ते नागपूरच्या रेसिडेन्सीचे काम पाहू लागले. १८१० साली ती जागा त्यांस कायमची मिळाली आणि १८२७ पर्यंत ती त्यांच्याकडेच राहिली. एवढा दीर्घ काळ एका शहरात राहिलेल्या अधिकाऱ्यास त्या शहराची नाडी न कळती तरच नवल.

त्यांनी येथे काय पाहिले? १८०३ च्या युद्धात कटक व वऱ्हाड गमावल्यामुळे दुसऱ्या रघूजी भोसल्यांचे उत्पन्न एकाएकी घटले होते. त्या तोट्याची भरपाई चाकरांच्या पगारातून होऊ लागली. शिपायांचा पगार थकवावा, त्यांस आपल्याच पेढीवरून जबर व्याजाने कर्ज द्यावे आणि शेवटी देण्याचा काही भाग महागड्या भावाने कापडाच्या रूपात चुकवावा, असा क्रम चालला. यावरून राजास मोठा वाणी म्हणत. आमच्या व्यापारी बंधूंस हे विशेषण लागेल. परंतु कोणता सचोटीचा व्यापारी आपल्या मुनिमास असा वागवील? ज्याचा पगार थकतो, तो अखेर रयतेच्या खिशात हात घालतो. लाचेचे मूळ पुष्कळदा थकलेल्या पगारात असते.

१८१६ साली रघूजी वारले. आप्पासाहेबांनी तैनाती फौजेचा तह केला, पण पुढे १८१७ च्या नोव्हेंबरात सीताबर्डीची लढाई झाली आणि १८१८ साली आप्पासाहेब पदच्युत झाले. गादीवर अल्पवयी तिसरे रघूजी बसले, वाड्यातील व्यवस्था बाकाबाईंकडे राहिली आणि राज्याचा कारभार रेसिडेंटाच्या हाती आला. जेंकिन्ससाहेबांनी जुनी मराठी चौकट मोडली नाही. कमाविसदार, पाटील, पांडे आपापल्या जागी राहिले. मात्र प्रत्येक प्रांतावर एक युरोपियन सुपरिंटेंडेंट नेमून त्यांच्याकडून बारकाईने हिशेब घेतला जाऊ लागला. मनमानी वसुलीस आळा बसला. या अनुभवाचे फळ म्हणजे १८२७ साली कलकत्त्यास छापलेला त्यांचा नागपूर राज्याविषयीचा अहवाल. हुद्दे, महसूल, न्याय, जाती, व्यापार इत्यादी गोष्टी त्यात नोंदल्या आहेत. तो आजही अभ्यासकांस टाळता येत नाही.

हे श्रेय निःसंकोच द्यावे. परंतु दोन गोष्टी विसरून चालणार नाही. पहिली ही की, सुधारणा झाली ती वरच्या जागा एतद्देशीयांस बंद करून. हिशेब लिहिणारा हात मराठी, तो तपासणारा परका. अधिकार एकाचा, श्रम दुसऱ्याचे. दुसरी गोष्ट याहून मोठी. हे दप्तर कलकत्त्यास गेले, इतवारीस आले नाही. ज्याच्या करावर पगार निघत होता, त्या रयतेस पगार किती आणि काम काय हे विचारण्याची सोय नव्हती.

त्याचा परिणाम काळाने दाखविला. स्वदेशी परतल्यावर जेंकिन्ससाहेब पार्लमेंटचे सभासद झाले आणि १८३९ साली कंपनीच्या अध्यक्षपदी चढले. तिसरे रघूजी ११ डिसेंबर १८५३ रोजी वारले. त्याच महिन्याच्या ३० तारखेस जेंकिन्ससाहेबांचेही देहावसान झाले. पुढच्याच वर्षी, १८५४ साली, ज्या कंपनीस त्यांनी या राज्याचा हिशेब समजावून दिला होता, तिनेच ते खालसा केले. वाड्यातील हत्ती-घोडे व जवाहीर लिलावात निघाले आणि दरबाराच्या आश्रयाने जगणाऱ्या घरांची भाकर गेली.

केवळ वरिष्ठांकडे जाणारे दप्तर राज्य घट्ट करते. लोकांपुढे उघडणारे दप्तर राज्य सुधारते. हा भेद कायद्यात उतरण्यास २००५ साल उजाडावे लागले. माहितीच्या अधिकाराच्या कायद्यान्वये प्रत्येक सरकारी कचेरीने आपल्या अधिकाऱ्यांची व नोकरांची यादी आणि त्यांचे मासिक वेतन स्वतः होऊन प्रसिद्ध केले पाहिजे. जेंकिन्ससाहेबांच्या काळी जे रयतेस अशक्य होते, ते आज तिच्या हक्काचे आहे. मग हक्क बजावण्यात आळस का? दुकानाची रोजकीर्द रात्री मिळविल्यावाचून ज्यास झोप येत नाही, त्या नागपूरकराने आपल्या शहराच्या कचेऱ्यांची कीर्दही वर्षातून एकदा तरी मागून पाहावी. मागणारा असला म्हणजे लिहिणाराही नीट लिहितो.