अल-ख्वारिज्मी : मीरासीच्या वाटण्या आणि बीजगणित

अब्बासी खलिफा मामून (कारकीर्द ८१३ ते ८३३) याच्या काळी बगदाद शहरात बैतुल हिक्मत ही ज्ञानसंस्था भरभराटीस आली होती. ग्रीक, फारसी आणि संस्कृत ग्रंथांतील विद्या तेथे अरबीत उतरत होती. मुहम्मद बिन मूसा अल-ख्वारिज्मी (सुमारे ७८० ते ८५०) हे याच संस्थेतील विद्वान. त्यांच्या नावातील ख्वारिज्म हा प्रांत अरल सागराच्या दक्षिणेस आहे. त्यांच्या घरादाराविषयी इतिहासाने जवळजवळ काहीच राखून ठेवले नाही. राखले ते त्यांचे काम. भारतीय अंकांवर त्यांनी पुस्तक लिहिले. त्याची अरबी प्रत हरवली, लॅटिन रूप उरले, आणि त्यांच्याच नावाचा अपभ्रंश होऊन आजचा ‘अल्गोरिदम’ हा शब्द रूढ झाला.

परंतु त्यांचे खरे स्मारक म्हणजे ‘अल-जब्र वल-मुकाबला’ हा हिशेबाचा ग्रंथ. तो त्यांनी मामूनच्या प्रोत्साहनाने लिहिला. मीरास, वसीयत, भागीदारी, व्यापार, जमिनीची मोजणी, कालव्यांची खोदाई अशी माणसांची रोजची नड भागवणे हा त्याचा हेतू होता. त्यात क्ष नाही, य नाही, बरोबरचे चिन्हही नाही, सारे शब्दांत. अज्ञात राशीला ते ‘शय’ म्हणजे ‘वस्तू’ म्हणत.

शाळेत सर्वांनी सोडवलेले वयाचे गणित घेऊन ही रीत पाहू. उदाहरण आमचे, रीत त्यांची. बापाचे वय आज मुलाच्या तिप्पट आहे. दहा वर्षांपूर्वी ते पाचपट होते. मुलाचे आजचे वय ही आपली ‘वस्तू’. तेव्हा बापाचे वय तीन वस्तू उणे दहा होते. मुलाच्या तेव्हाच्या वयाची पाचपट म्हणजे पाच वस्तू उणे पन्नास. ही दोन्ही समान. आता दोन्ही बाजूंत पन्नास मिळवून उणीव भरून काढायची, हा ‘जब्र’. तीन वस्तू अधिक चाळीस बरोबर पाच वस्तू. मग दोन्हीकडच्या तीन-तीन वस्तू समोरासमोर ठेवून उडवायच्या, हा ‘मुकाबला’. उरले चाळीस बरोबर दोन वस्तू. मुलगा वीस वर्षांचा, बाप साठ वर्षांचा. मोडलेले हाड बसवण्यालाही अरबीत ‘जब्र’च म्हणतात, हे कळले की या नावाची गोडी वाढते.

ग्रंथाचा मोठा भाग मात्र वसीयत आणि मीरासीने व्यापला आहे. त्यातला एक मसला असा : एक स्त्री पती, एक मुलगा व तीन मुली मागे ठेवून वारली आणि एका परक्यासाठी मालमत्तेच्या एक-अष्टमांश व एक-सप्तमांशाची वसीयत करून गेली. ही रक्कम एक-तृतीयांशाच्या आत असल्याने चालते. उरलेल्यात पतीचा चौथा हिस्सा, बाकीत मुलाचे दोन भाग, प्रत्येक मुलीचा एक. मालमत्तेचे ११२० भाग केले की अपूर्णांक उरत नाही : परक्यास ३००, पतीस २०५, मुलास २४६, प्रत्येक मुलीस १२३. एकूण बरोबर ११२०.

त्या १२३ पाशी प्रस्तुत लेखकाची नजर थांबते. मशिदीत मीरासीचा मसला विचारायला बहुधा मुलगेच येतात. बहिणींची हक्कसोडपत्रे तोवर तयार झालेली असतात. ख्वारिज्मींच्या मांडणीत कोणाचा हिस्सा ‘सोडून’ हिशेब सोपा करण्याची वाट नाही. मुलगी कमी धरली तर बेरीजच जुळत नाही.

११४५ मध्ये रॉबर्ट ऑफ चेस्टर याने या ग्रंथाचे लॅटिन भाषांतर केले आणि ‘अल-जब्र’ युरोपात ‘अल्जेब्रा’ झाला. समीकरणांचा भाग तिकडे गेला, मीरासीचा गेला नाही. तो इंग्रजीत आला १८३१ साली, फ्रेडरिक रोझेनच्या भाषांतरातून.