रोजच्या गोष्टींतून नाचरं संगीत : योहान स्ट्राऊस यांची जीवनगाथा



आज एका संगीतकाराची ओळख करून घेऊ या. नाव योहान स्ट्राऊस. वडिलांचं नावही योहानच, म्हणून जग यांना धाकटे स्ट्राऊस म्हणतं. ऑस्ट्रियाची राजधानी व्हिएन्ना हे त्यांचं गाव. पाचशेच्या आसपास रचना केल्या, त्यातल्या बहुतेक नाचाच्या : वॉल्ट्झ आणि पोल्का. नावं अनोळखी वाटली तरी लय तुमच्या ओळखीची आहे. वॉल्ट्झ तीन मात्रांचा. टाळी देऊन बघा, एक-दोन-तीन, एक-दोन-तीन, आपल्या दादऱ्याची आठवण होईल. पोल्का दोन मात्रांचा, उड्या मारत जाणारा. हा नाच बोहेमियातून, म्हणजे आजच्या चेक प्रदेशातून, व्हिएन्नात आला.

पण ही गोष्ट तुम्हाला सांगावीशी वाटते ती वेगळ्याच कारणासाठी. आपल्या मुलाचं पुढे काय व्हावं हे ठरवायचं कुणी, हा प्रश्न आपल्या प्रत्येक पालकसभेत असतो. तो प्रश्न या घरात दोनदा आला, आणि दोन्ही वेळा त्याची किंमत मोजावी लागली.

वडिलांचा विरोध

धाकटे योहान जन्मले २५ ऑक्टोबर १८२५ रोजी. वडील तेव्हा नाव कमावत होते. पुढे त्यांचा वाद्यवृंद पॅरिस, लंडनपर्यंत गाजला. घरात संगीताची अशी गंगा वाहत असताना वडिलांनी मात्र ठरवून टाकलं होतं की मुलांनी संगीतात पडायचं नाही. योहानने बँकेत नोकरी करावी, ही त्यांची इच्छा.

आता लगेच वडिलांना खलनायक ठरवू नका. थोडं मागे जाऊन बघा. या वडिलांची आई ते लहान असतानाच वारली. त्यांचे वडील खानावळ चालवायचे, ते १८१६ साली डॅन्यूब नदीत बुडून गेले. बारा वर्षांचं पोरकं पोर बुकबाइंडरकडे शिकाऊ म्हणून राहिलं आणि तिथून व्हायोलिन वाजवत वर आलं. संगीतावर पोट भरणं म्हणजे काय असतं, रात्र रात्र जागून दुसऱ्यांना नाचवणं म्हणजे काय असतं, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? आपण जे भोगलं ते मुलाच्या वाट्याला नको, असं कितीतरी आईबापांना वाटतं. नेमका इथेच त्यांचा पाय घसरला. मुलाला काय हवंय हे त्यांनी विचारलंच नाही.

योहानने चोरून व्हायोलिन शिकायला सुरुवात केली. शिकवणारे कोण, तर वडिलांच्याच वाद्यवृंदातले पहिले व्हायोलिनवादक फ्रान्झ आमोन! वडिलांना हे कळलं तेव्हा घरात मोठा गहजब झाला. मुलाच्या पाठीशी उभी राहिली ती आई, आना. त्यातच वडिलांनी दुसरीकडे संसार थाटला होता. ते घराबाहेर पडले तसा आईने मुलाच्या शिक्षणाचा मार्ग मोकळा केला. योहानने मग व्हायोलिनबरोबर संगीतरचनेचंही रीतसर शिक्षण घेतलं.

१५ ऑक्टोबर १८४४. व्हिएन्नाच्या हीत्सिंग भागातल्या डोमायर यांच्या सभागृहात एकोणीसही पूर्ण न झालेला योहान स्वतःचा वाद्यवृंद घेऊन उभा राहिला. शहरातल्या मोठमोठ्या सभागृहांशी वडिलांचे संबंध होते, त्यांना दुखवायला सहजी कोण तयार होणार? पण त्या रात्री गर्दी लोटली. लोकांनी मुलाच्या नव्या रचना पुन्हा पुन्हा वाजवायला लावल्या. आणि बघा हं, कार्यक्रमाचा शेवट करताना या मुलाने काय निवडलं, तर वडिलांचा गाजलेला वॉल्ट्झ! ज्या बापाने वाट अडवली त्याच्याच रचनेने त्याने आपली पहिली रात्र संपवली. हा प्रसंग मुलांना जरूर सांगा. यशाच्या क्षणी माणूस कसा वागतो, त्यावरून तो कळतो.

वडील आणि मुलगा पुढची पाच वर्षं एकाच शहरात प्रतिस्पर्धी म्हणून राहिले. १८४८ सालच्या क्रांतीतही दोघे दोन बाजूंना होते. वडिलांनी सेनापती राडेत्स्कीच्या गौरवाचं संचलनगीत रचलं, मुलगा मात्र क्रांतिकारकांसाठी वाजवत होता. १८४९ साली वडील स्कार्लेट तापाने गेले. दोन्ही वाद्यवृंद एक झाले आणि सगळा भार तेवीस वर्षांच्या योहानवर आला.

सुचायचं कुठून?

आता येऊ आपल्या वर्गात उपयोगी पडेल अशा भागाकडे. दर हिवाळ्यात व्हिएन्नात नाचांचा हंगाम असायचा. वकिलीच्या विद्यार्थ्यांचा नाच वेगळा, डॉक्टरकीच्या विद्यार्थ्यांचा वेगळा, इंजिनियरांचा वेगळा, पत्रकारांचा वेगळा. प्रत्येकाला नवी कोरी रचना हवी, आणि तीसुद्धा आपल्या धंद्याशी नातं सांगणारी! दरवर्षी इतकं नवीन आणायचं कुठून? स्ट्राऊस यांनी ते आजूबाजूला बघून आणलं.

इंजिनियरिंगच्या विद्यार्थ्यांसाठी १८६० साली त्यांनी एक वॉल्ट्झ केला, नाव त्वरण. तेच, जे आपण विज्ञानाच्या तासाला शिकवतो! यंत्र सुरू होताना चाक आधी सावकाश फिरतं, मग वेग घेतं. हा वॉल्ट्झ अगदी तसाच सुरू होतो. त्वरण शिकवताना त्याची सुरुवात ऐकवली तर व्याख्या पाठ करून घ्यायची गरज उरणार नाही.

पत्रकारांच्या संघटनेच्या नाचासाठी १८६४ साली जो वॉल्ट्झ दिला त्याचं नाव सकाळची वर्तमानपत्रं. त्याच वर्षी उद्योजक संघांच्या नाचासाठी सहलीच्या आगगाडीवर पोल्का केला. सुट्टीच्या दिवशी शहराबाहेर हिंडायला जायच्या गाड्या तेव्हा नव्याने निघाल्या होत्या. लोकांना त्याचं अप्रूप होतं. गंमत म्हणजे स्वतः स्ट्राऊस यांना रेल्वेच्या प्रवासाची भीती वाटायची!

गावातल्या चकाट्या आणि कुजबुज यांवर १८५८ साली पोल्का झाला. तारेने निरोप येऊ लागले, त्यावर रचना झाली. नवं स्फोटक द्रव्य निघाल्याची चर्चा होती, तर १८४७ साली स्फोट नावाचा पोल्का. व्हिएन्नाचा जुना तट पाडून रुंद रस्ता करायला सम्राटाने परवानगी दिली आणि शहरभर धूळ उडू लागली, तर १८६२ साली भिंती पाडणाऱ्यांचा पोल्का! आपल्याकडे रस्ता खणला की आपण वैतागतो. या माणसाला त्यात ताल सापडला.

रशियात सेंट पीटर्सबर्गजवळ पाव्हलोव्स्क नावाचं ठिकाण आहे. तिथल्या रेल्वे कंपनीने स्टेशनालाच जोडून संगीताचं सभागृह बांधलं होतं. कारण साधं : गाणं ऐकायला लोक यावेत आणि तिकिटं खपावीत. १८५६ पासून कितीतरी उन्हाळे स्ट्राऊस तिथे वाजवायला जात. तिथल्या रानावर त्यांनी कोकिळेच्या जातीतल्या कुकू पक्ष्याची साद घालणारा एक पोल्का केला. व्हिएन्नात आणताना त्याला तिथल्याच एका रानाचं नाव दिलं. पक्षी तोच, रान बदललं! व्हिएन्नाच्या जंगलावरच्या वॉल्ट्झमध्ये तर त्यांनी झिथर हे खेड्यापाड्यातलं तारवाद्य मोठ्या वाद्यवृंदात आणून बसवलं.

या सगळ्या रचनांमध्ये ढगाळ, दूरचं असं काही दिसतं का? नाही. मुलांना निबंधाला विषय दिला की मुलं म्हणतात, सुचत नाही. त्यांना ही यादी सांगा. वर्तमानपत्र, गाडी, चकाट्या, पाडलेली भिंत, पक्ष्याची हाक. सुचण्यासाठी लांब जावं लागत नाही, कान उघडे असावे लागतात.

धाकट्या भावाची गोष्ट

पण मंडळी, गोष्ट इथेच थांबवली तर ती अर्धीच राहील. एका रात्री दोन-तीन ठिकाणी वाजवायचं, परत येऊन नवी रचना करायची, असं करता करता १८५३ साली योहान यांची तब्येत पार ढासळली. डॉक्टरांनी विश्रांती सांगितली. वाद्यवृंद बंद ठेवला तर वादकांची घरं चालणार कशी? तेव्हा आई आणि योहान यांची नजर गेली धाकट्या योसेफकडे.

योसेफ इंजिनियर होता. शांत, अबोल, प्रकृतीने नाजूक. रस्ते झाडणाऱ्या, घोड्याने ओढायच्या यंत्राचा आराखडा त्याने केला होता. त्याला आपलं काम आवडत होतं आणि लोकांसमोर उभं राहायचं नव्हतं. तरी घरासाठी तो उभा राहिला. त्याने जो पहिला वॉल्ट्झ रचला त्याचं नावच ठेवलं पहिला आणि शेवटचा. म्हणजे यापुढे नाही, असा स्पष्ट निरोप! पण सुटका झाली नाही. पुढचे सतरा वर्षं तो वाजवत राहिला, रचत राहिला. हातात कसब होतं, यात शंकाच नाही. अग्निरोधक तिजोऱ्या करणाऱ्या एका कारखान्यासाठी १८६९ साली त्याने पोल्का केला, त्यात चक्क ऐरणीवर हातोड्याचे ठोके आहेत. पण तब्येत साथ देत नव्हती. १८७० साली वॉर्साला वाद्यवृंद चालवताना तो कोसळला आणि जुलैत व्हिएन्नात गेला. वय अवघं बेचाळीस. त्याच वर्षी फेब्रुवारीत आईही गेली होती.

जरा विचार करा. एका मुलाला संगीत हवं होतं, बापाने नको म्हटलं. दुसऱ्याला संगीत नको होतं, आईने आणि भावाने ते घ्यायला लावलं. ज्या आईने एका मुलाची वाट मोकळी केली, तिच्याच हातून दुसऱ्याची वाट बदलली. तिचं प्रेम कमी होतं का? मुळीच नाही. घर चालवायचं होतं. योसेफने जे संगीत दिलं ते जगाला मिळालं, हेही खरं. पण ते यंत्र, ती त्याची आवड, तिचं काय झालं असतं, हे आता कुणालाच कळणार नाही.

निळी डॅन्यूब

१८६६ साली ऑस्ट्रियाचा प्रशियाकडून मोठा पराभव झाला. व्हिएन्ना उदास होती. अशा वेळी पुरुषांच्या एका गायनमंडळासाठी स्ट्राऊस यांनी डॅन्यूब नदीवर वॉल्ट्झ केला. १५ फेब्रुवारी १८६७ रोजी तो पहिल्यांदा गायला गेला. त्याच वर्षी पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात तो वाजला आणि जगभर पोचला. ज्या नदीने त्यांच्या आजोबांना नेलं, त्याच नदीवरच्या वॉल्ट्झने नातवाचं नाव अमर केलं.

३ जून १८९९ रोजी न्यूमोनियाने स्ट्राऊस गेले. आज दर १ जानेवारीला व्हिएन्नात नववर्षाची मैफल होते आणि जगभर दाखवली जाते. शेवटी मुलाची निळी डॅन्यूब वाजते आणि तिच्यापाठोपाठ वडिलांचं राडेत्स्की संचलनगीत. जिवंतपणी जे बापलेक एका मंचावर आले नाहीत, ते तिथे दरवर्षी एकापाठोपाठ एक येतात.

वर्गात आणि घरी करून बघा

या गोष्टीला जोडून एक छोटा उपक्रम सुचवते. मुलांना पाच मिनिटं डोळे मिटून बसायला सांगा. शाळेची घंटा, नळाचं पाणी, पोळ्या लाटण्याचा आवाज, एसटीचं इंजिन, जे ऐकू येईल ते त्यांनी वहीत लिहावं. मग एक आवाज निवडून त्याला टाळ्यांचा ताल द्यावा. तीन मात्रांत बसतो की दोन? ज्यांच्या घरी पेटी आहे त्यांना एक गंमत सांगा. स्ट्राऊस लहान असताना, १८२९ साली, व्हिएन्नातच सिरिल डेमियान यांनी अकॉर्डियनचं पेटंट घेतलं. त्याच्या आणि आपल्या पेटीच्या पोटात तत्त्व एकच : हवेने थरथरणारी धातूची पट्टी. पुढे स्ट्राऊस यांचे वॉल्ट्झ आणि पोल्के गल्लीबोळांतून याच अकॉर्डियनवर वाजले.

आणि पालकहो, तुमच्यासाठीही एक गृहपाठ. आज रात्री जेवताना मुलाला विचारा, तुला काय करायला आवडतं? उत्तर आलं की लगेच सल्ला देऊ नका. नुसतं ऐका. एका घरात दोन मुलांना हे वेळेवर विचारलं गेलं नाही, ते घर आपण आत्ताच बघून आलो.