पाय साथ देत नव्हते, तरी घोडीवर बसून ऑलिम्पिकचं मेडल जिंकलं : लिस हार्टेलची गोष्ट

1952 सालचं हेलसिंकी ऑलिम्पिक. घोडेस्वारीतल्या ड्रेसाज प्रकाराचा निकाल लागला होता. सुवर्णपदक मिळालं स्वीडनच्या हेन्री सेंट सिर यांना. रौप्यपदक विजेतीला व्यासपीठावर स्वतःहून चढता येत नव्हतं. तेव्हा सेंट सिर पुढे आले आणि त्यांनी तिला आधार देऊन वर नेलं.

ती होती डेन्मार्कची लिस हार्टेल. तिच्या गुडघ्याखालच्या पायांत जीवच नव्हता.

आज जगभरात अपंग मुलांना आणि मोठ्या माणसांना उपचार म्हणून घोड्यावर बसवलं जातं. त्यामागे अनेकांचे कष्ट आहेत, पण लोकांचं लक्ष या गोष्टीकडे वळलं ते लिस आणि तिची घोडी ज्युबिली यांच्यामुळे.

वयाच्या 23 व्या वर्षी पोलिओ

लिसचा जन्म 14 मार्च 1921 चा, कोपनहेगनजवळच्या हेलरुपमधला. घोड्यांची आवड लहानपणापासूनच. 1943 आणि 1944 अशी सलग दोन वर्षं ती ड्रेसाजमध्ये डेन्मार्कची चॅम्पियन होती.

1944 मध्येच तिला पोलिओ झाला. तेव्हा पोलिओची लस नव्हती, ती यायला 1955 साल उजाडलं. लिस दुसऱ्यांदा आई होणार होती. आजाराने पाय तर गेलेच, मांड्या, हात आणि दंडही कमजोर झाले. पुढे तिला मुलगी झाली, ती मात्र ठणठणीत होती.

कुबड्यांवर चालता आलं तरी खूप झालं, असं डॉक्टरांचं म्हणणं होतं. लिसने आधी हात उचलण्यापासून सुरुवात केली, मग रांगण्याचा सराव केला, मग कुबड्या घेतल्या. आणि त्यानंतर पुन्हा घोड्यावर बसायचं ठरवलं.

ज्युबिलीला नवी भाषा शिकावी लागली

ड्रेसाजमध्ये उंच उड्या नसतात, की वेगाची शर्यत नसते. स्वाराच्या इशाऱ्यावर घोडा किती अचूक आणि सहज पावलं टाकतो, यावर गुण मिळतात. हे इशारे बरेचसे पायांनीच दिले जातात. पोटरीचा दाब, टाचेचा हलका स्पर्श. नेमकं तेच लिसकडे उरलं नव्हतं.

मग तिच्याकडे काय होतं? पाठ, कंबर आणि स्वतःचं वजन. शरीराचा भार किंचित इकडून तिकडे सरकवायचा आणि घोडीने त्यावरून ओळखायचं. ज्युबिलीला ही भाषा शिकवण्यात आली. लिसला घोडीवर चढवायला आणि उतरवायलाही माणसं लागायची, आणि तेवढा वेळ ज्युबिलीने शांत उभं राहणं गरजेचं होतं.

इथे स्वभावाचा मुद्दा येतो. घोडा मुळात शिकार होणारा प्राणी. वाऱ्याने कागद उडाला तरी तो बुजतो आणि आधी पळतो. अशा घोड्यावर मांड घट्ट नसलेला माणूस बसवणं म्हणजे जिवाशी खेळ. पण नुसता थंड, सुस्त घोडाही कामाचा नाही, कारण त्याला बारीक इशारा कळतच नाही. घोडा बुजणारा नको, पण मठ्ठही नको. ज्युबिली तशी होती.

आजारानंतर तीनच वर्षांनी, 1947 मध्ये, लिस स्कँडिनेव्हियन स्पर्धेत महिलांच्या ड्रेसाजमध्ये दुसरी आली.

फक्त अर्ध्या गुणाचा फरक

ऑलिम्पिकचं दार मात्र बंद होतं. 1948 पर्यंत ड्रेसाजमध्ये फक्त लष्करी अधिकारी उतरू शकत होते. 1952 मध्ये नियम बदलला आणि सामान्य नागरिकांना, महिलांनाही पुरुषांच्या बरोबरीने संधी मिळाली. चार महिला मैदानात उतरल्या, त्यात लिस होती.

सेंट सिर यांना 561 गुण, लिसला 541.5 आणि तिसऱ्या आलेल्या फ्रान्सच्या आंद्रे जुसोम यांना 541. अवघ्या अर्ध्या गुणाने तिने रौप्यपदक राखलं. ऑलिम्पिक घोडेस्वारीत वैयक्तिक पदक मिळवणारी ती पहिली महिला ठरली.

त्याच वर्षी कोपनहेगनमध्ये पोलिओची भयंकर साथ आली. वैद्यकीय शाखेचे विद्यार्थी पाळ्या लावून, हाताने पिशवी दाबून रुग्णांना श्वास देत होते. ज्या शहरात घराघरात पोलिओची धास्ती होती, त्याच शहराजवळ वाढलेली, पोलिओतून उठलेली बाई मेडल घेऊन आली होती.

1956 चं ऑलिम्पिक मेलबर्नला होतं, पण ऑस्ट्रेलियाच्या कडक क्वारंटाइन नियमांमुळे घोडेस्वारी स्टॉकहोमला झाली. तिथेही लिस आणि ज्युबिलीने रौप्यपदक जिंकलं.

मेडलनंतर काय झालं?

लिस पुढे पोलिओग्रस्तांसाठी आणि उपचारात्मक घोडेस्वारीसाठी काम करत राहिली. नेदरलँड्समध्ये तिच्या नावाने संस्था उभी राहिली. ब्रिटनमध्ये 1969 मध्ये अपंगांच्या घोडेस्वारीसाठी राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. 1996 पासून पॅरालिम्पिकमध्येही घोडेस्वारी आहे.

याचा उपयोग कसा होतो? घोडा चालतो तेव्हा स्वाराची कंबर पुढे-मागे, वर-खाली आणि डावी-उजवीकडे हलते, जवळपास माणूस चालताना हलते तशी. त्यामुळे तोल आणि पाठीचे स्नायू यांना व्यायाम मिळतो.

म्हणूनच या कामासाठी घोडा निवडताना वेग किंवा रूप बघत नाहीत. जवळून व्हीलचेअर नेतात, चेंडू टाकतात, छत्री उघडतात. दोन्ही बाजूंना माणसं चालवून बघतात. घोडा दचकला तरी लगेच सावरतो का, हे पाहतात. पाठीवरचा स्वार एका बाजूला कलला तर पावलं मंदावतो का, हेही पाहतात. आणि निवडलेल्या घोड्यालाही विश्रांती द्यावी लागते, कारण कंटाळलेला घोडा चिडचिडा होतो.

लिस हार्टेलचं निधन 12 फेब्रुवारी 2009 रोजी, वयाच्या 87 व्या वर्षी झालं. पोलिओने गेलेली पायातली ताकद तिला शेवटपर्यंत परत मिळाली नाही. ऑलिम्पिकची दोन्ही पदकं तिने तशाच पायांनी जिंकली होती.