गाद्या वाहणारा प्राध्यापक

समजा, तुम्ही रिद्धपूरला शिकायला आलात. मोर्शी तालुक्यातलं हे गाव म्हणजे महानुभावांची काशी. म्हाइंभटांचं लीळाचरित्र इथलं, महदाईसेचे धवळे इथलेच, आणि आता मराठी भाषा विद्यापीठही इथंच आहे. गावात दहा बाय बाराची खोली भाड्यानं मिळाली. वर स्लॅब, खाली टाइल्स, भिंतींना सिमेंटचा गिलावा. तुम्ही आणि तुमच्या रूम पार्टनरनं पैसे जमवले आणि ठरवलं, की आता मोबाइलवर गाणी ऐकणं बस्स, रविवारचा सिनेमाही लॅपटॉपच्या चिरक्या आवाजात नको. अमरावतीला गेलात, दुकानात दोन-तीन जोड्या ऐकल्या, वॅट विचारले, घासाघीस केली आणि खोकी बसमधून सांभाळत आणली. रात्री लावून बघता तर काय? दुकानात जो आवाज मखमली वाटत होता, तो इथं विहिरीत उतरून बोलल्यासारखा! गाण्यातला तबला एकात एक मिसळतोय, सिनेमातला हिरो काय पुटपुटतोय ते कळत नाही, आणि आवाज वाढवला तर गोंधळ आणखीच वाढतो.

राजेहो, दुकानदाराला फोन लावायच्या आधी एका माणसाची गोष्ट ऐका. त्यानं आयुष्यात आपल्यासारखा स्पीकर कधी बघितला नाही, पण तुमच्या खोलीत काय बिघडलंय ते त्यानं सव्वाशे वर्षांपूर्वीच शोधून ठेवलंय.

त्याचं नाव वॉलेस क्लेमेंट सॅबिन. जन्म १३ जून १८६८, अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या रिचवूड या लहानशा गावात. पोरगा हुशार. १८ व्या वर्षीच ओहायो स्टेट विद्यापीठातून पदवी घेऊन मोकळा झाला आणि पुढं शिकायला हार्वर्डला गेला. तिथं एम.ए. झाला आणि तिथंच शिकवायला लागला. पीएच.डी. त्यानं कधी केलीच नाही. शिकवण्यात रमलेला, नीटनेटका, कमी बोलणारा असा हा तरुण प्राध्यापक. त्याचा विषय प्रकाश आणि वीज. आवाजाशी त्याचा तसा काही संबंध नव्हता.

१८९५ मध्ये हार्वर्डला फॉग कलासंग्रहालयाची नवी इमारत उभी राहिली. त्यात एक देखणं व्याख्यानगृह होतं. पहिल्याच व्याख्यानाला लोकांच्या लक्षात आलं, की इथं बोललेलं कुणालाच कळत नाही. वक्त्यानं एक शब्द उच्चारला, की तो साडेपाच सेकंद हॉलमध्ये फिरत राहायचा. साडेपाच सेकंदांत माणूस आणखी बारा-पंधरा अक्षरं बोलून जातो. म्हणजे पहिलं अक्षर अजून कानात आहे आणि त्याच्यावर पुढची डझनभर अक्षरं येऊन बसलीत. तुमच्या खोलीत हिरोचं पुटपुटणं कळत नाही ना, तो हाच प्रकार, फक्त छोट्या आकारात.

विद्यापीठाचे अध्यक्ष चार्ल्स एलियट यांनी हे काम भौतिकशास्त्र विभागाकडं ढकललं. विभागातल्या ज्येष्ठांना त्यात रस नव्हता, कारण हे काम म्हणजे हमखास तोंडघशी पडण्याचं. त्या काळी हॉल चांगला होणं म्हणजे नशिबाचा भाग समजत. कुणी तारा ताणून बघत, कुणी फुलदाण्या ठेवत. शेवटी हे गळ्यात पडलं सॅबिनच्या, वयाच्या २७ व्या वर्षी.

त्यानं काय केलं बघा. हार्वर्डमध्येच सँडर्स थिएटर नावाचं एक सभागृह होतं आणि तिथं आवाज छान लागायचा. दोन्ही हॉलमध्ये फरक काय? सँडर्समध्ये बाकांवर गाद्या होत्या. मग सॅबिन आणि त्याचे मदतनीस रात्री सँडर्समधून गाद्या उचलायचे, फॉगमध्ये आणून मांडायचे, प्रयोग करायचे आणि सकाळच्या आत सगळ्या गाद्या परत जागेवर नेऊन ठेवायचे. कारण सकाळी तिथं कार्यक्रम असायचे. हे एक-दोन दिवस नाही, वर्षानुवर्षं चाललं. रात्रीच का? दिवसा रस्त्यावर ट्राम, घोडागाड्या, पोरांचा गलका. मध्यरात्रीनंतर कुठं जरा शांतता मिळायची. आणि दिवसा पुन्हा वर्ग घ्यायचे होतेच.

साधनं म्हणाल तर आजच्या कॉलेजच्या लॅबमध्ये हसतील अशी. दाबलेल्या हवेच्या टाकीवर वाजणारी ऑर्गनची एक नळी, वेळ नोंदवणारं यंत्र आणि स्वतःचा कान. नळी वाजवायची, बंद करायची आणि आवाज पूर्ण विरेपर्यंतचा वेळ मोजायचा. मग आणखी काही गाद्या आणायच्या आणि पुन्हा मोजायचं. रिकाम्या हॉलमध्ये साडेपाच सेकंद रेंगाळणारा आवाज सगळ्या खुर्च्यांवर गाद्या टाकल्यावर दोन सेकंदांवर आला. भिंतीही झाकल्यावर तो एक सेकंदाच्या थोडा वर उरला.

यातला एक किस्सा मला फार आवडतो. बरेच महिने मोजमाप केल्यावर सॅबिनच्या लक्षात आलं, की आकडे थोडे हलताहेत. कारण शोधता शोधता सापडलं त्याच्याच अंगावर. त्याचे कपडेही आवाज शोषत होते! जाड कोट घातला की एक उत्तर आणि पातळ घातला की दुसरं. त्यानं घेतलेली हजारो निरीक्षणं सरळ फेकून दिली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. यावेळी रोज तेच कपडे घालायचे: निळा हिवाळी कोट, हिवाळी पँट, उंच बूट. आपण प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये रीडिंग जुळत नसेल तर काय करतो, ते आठवून बघा आणि गप्प बसा.

दोन वर्षं झाली तरी सॅबिन मोजतच होता. एलियट वैतागले. एवढं काम झालंय तर आता तो हॉल दुरुस्त करून द्या, असा निरोप आला. सॅबिननं भिंतींवर केसांच्या नमद्याचे जाड थर लावायला सांगितले आणि हॉल वापरण्याजोगा झाला. पण गाद्या मोजून हॉल सुधारणं वेगळं आणि न बांधलेल्या हॉलचा आवाज आधीच सांगणं वेगळं. नेमकं तेच काम त्याच्याकडं आलं.

बॉस्टन सिम्फनी ऑर्केस्ट्राचे संस्थापक हेन्री ली हिगिन्सन यांना शहरात नवं संगीतगृह बांधायचं होतं. एलियटनी सॅबिनचं नाव सुचवलं. सॅबिननं लगेच हो म्हटलं नाही, कारण त्याच्याकडं आकड्यांचे ढीग होते, पण नियम नव्हता. १८९८ च्या ऑक्टोबरमध्ये तो घरी ते आकडे पसरून बसला. आणि एका रात्री त्याला दिसलं, की शोषणारी वस्तू किती आणि आवाज किती वेळ टिकतो याचा आलेख काढला की तो हायपरबोला येतो, अकरावीच्या गणितातला तोच वक्र. म्हणजे दोन्हींचा गुणाकार कायम! ही गोष्ट त्यानं सगळ्यात आधी घरात असलेल्या आईला सांगितली. मगच हिगिन्सनना होकार कळवला.

नियम इतका साधा आहे, की तुम्ही तो आत्ता वहीच्या मागच्या पानावर करून बघू शकता. खोलीचं घनफळ घनफुटांत काढा, त्याला ०.०४९ नं गुणा आणि खोलीतल्या एकूण शोषणानं भागा. उत्तर सेकंदांत. शोषण मोजायला सॅबिननं एकक निवडलं उघड्या खिडकीचं, कारण तिच्यातून गेलेला आवाज परत येत नाही. एक चौरस फूट उघडी खिडकी म्हणजे एक एकक. पुढं या एककाला त्याचंच नाव मिळालं.

आता तुमची खोली घ्या. दहा बाय बारा, उंची दहा धरू. घनफळ १२०० घनफूट. भिंती, छत आणि फरशी मिळून ६८० चौरस फूट. सिमेंटचा गिलावा आणि टाइल्स आवाजाचा जेमतेम २-३ टक्के भाग शोषतात, बाकी सगळा परत फेकतात. म्हणजे एकूण शोषण २० एककं. उत्तर येतं जवळपास तीन सेकंद! अशा खोलीत पन्नास हजारांचे स्पीकर आणले काय किंवा पाच हजारांचे आणले काय. आता त्यात कापसाच्या दोन जाड गाद्या टाका, खिडकी-दाराला जाड पडदे लावा, खाली सतरंजी अंथरा, पुस्तकांचं उघडं कपाट ठेवा, दोरीवर कपडे असतीलच आणि तुम्ही दोघं. शोषण ७० एककांवर गेलं तर वेळ पाऊण सेकंदाच्या आसपास येतो. गाण्यासाठी आणि सिनेमासाठी अर्ध्या सेकंदाजवळ आणता आलं तर उत्तम. वऱ्हाडात कापसाला तोटा नाही. आजीची जुनी गोधडी स्पीकरच्या समोरच्या भिंतीवर टांगलीत तर घरमालक हसेल, पण हिरोचे संवाद कळायला लागतील.

एक मात्र आहे. सॅबिनचा नियम मोठ्या हॉलसाठी पक्का. लहान खोलीत खर्जाच्या बाबतीत तो कमी पडतो. बारा फुटांच्या दोन भिंतींमध्ये साधारण ४७ हर्ट्झचा आवाज अडकून घुमतो, दहा फुटांच्या भिंतींमध्ये ५६ चा. म्हणून दहा बाय दहाची, दहा उंचीची चौकोनी डब्यासारखी खोली सगळ्यात वाईट; तिथं तिन्ही बाजूंनी ५६ च घुमतो. अशा खोलीत भलामोठा सबवूफर घेऊन कोपऱ्यात ठेवला तर शेजारी भांडायला येईल आणि तुम्हाला फक्त ढुम्मढुम्म ऐकू येईल. त्यापेक्षा पाच-सहा इंची वूफरची दोनच चांगली पेटीवजा स्पीकरं घ्या. भिंतीपासून फूट-दीड फूट पुढं आणा, वरचा बारका स्पीकर कानाच्या उंचीला येऊ द्या, आणि दोन स्पीकर व तुमचं डोकं मिळून समभुज त्रिकोण होईल असं बसा. त्याच पैशात मिळणारी पाच-सहा फडतूस स्पीकरांची पेटी माझ्या मते टाळावीच. आणि दुकानातल्या आवाजावर जाऊ नका. त्या दुकानात खोक्यांच्या आणि गिऱ्हाइकांच्या रूपानं भरपूर गाद्या असतात!

तर, बॉस्टन. वास्तुशिल्पी लाइपझिगच्या गाजलेल्या संगीतगृहाची मोठी आवृत्ती काढायला निघाले होते. सॅबिननं गणित मांडून दाखवलं, की नुसता आकार वाढवला तर आवाज फार रेंगाळेल. त्यानं मापं बदलायला लावली. १५ ऑक्टोबर १९०० ला सिम्फनी हॉल उघडला. गणित करून बांधलेलं हे जगातलं पहिलं संगीतगृह. सगळे खुश झाले असं समजू नका. काही समीक्षकांनी नावं ठेवली, आणि ते सॅबिनला लागलं. आज तो हॉल जगातल्या उत्तम दोन-चार संगीतगृहांत धरतात, पण हे ऐकायला तो नव्हता.

त्याच वर्षी त्याचं लग्न झालं. बायको जेन केली डॉक्टर होती. पुढं दोन मुली झाल्या. तो हार्वर्डमध्ये डीन झाला, कामं वाढली, पण लिहिणं कमीच राहिलं. शंभर टक्के खात्री झाल्याशिवाय तो काही छापायला देत नसे. त्याचे लेख पुस्तकरूपानं आले ते १९२२ मध्ये, त्याच्या मागं.

पहिल्या महायुद्धात तो युरोपला गेला. तिथं मूत्रपिंडाचं दुखणं लागलं. बरा होतो न होतो तोच विमानदलांच्या माहितीच्या कामाला जुंपून घेतलं. परत आल्यावर वॉशिंग्टनमध्ये युद्धखात्याचं काम आणि हार्वर्डमध्ये वर्ग अशी धावपळ चालू ठेवली. ऑपरेशन पुढं ढकलत राहिला. इलिनॉयमध्ये एका धनिकानं खास त्याच्यासाठी आवाजाची प्रयोगशाळा बांधली होती, तिथं काम करायला त्याला वेळच मिळाला नाही. १० जानेवारी १९१९ ला तो गेला, तेव्हा वय होतं ५०.

आज आपण वापरतो तसा कागदी शंकूचा स्पीकर राइस आणि केलॉग या दोघांनी १९२५ मध्ये जगासमोर आणला, सॅबिन गेल्यावर सहा वर्षांनी. फॉगमधला तो मूळ हॉलही १९७३ मध्ये पाडला. तुमच्या खोलीत मात्र गाद्या आल्यात की नाही बघा. रिकामी होती तेव्हा एक टाळी वाजवून मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवली असेल, तर आता त्याच जागी उभं राहून दुसरी वाजवा. आणि हो, कपडे तेच घाला.